डोंगराकडचा कोपरा

लेकीच्या घराचं दार त्या रविवारी पुन्हा अडलं.

"ढकल, आई. संकोच करू नकोस, खांदा लाव," आतून लेकीचा आवाज आला. "आणि वरच्या अंगाला एक बुक्की दे. मार खाल्ल्याशिवाय ऐकत नाही ते."

बाईंनी हातातली पिशवी पायरीवर ठेवली, चष्मा सावरला आणि बुक्की दिली. दार करकरत उघडलं ते थेट जावयाच्या अंगावर.

"बघितलंस? सासू आली की दारंसुद्धा वठणीवर येतात," तो लेकीला म्हणाला. नात त्याच्या गुडघ्याला बिलगून खिदळली. बाईही हसल्या. जावई गोड माणूस होता. वसाहतीच्या रहिवासी समितीचा चिटणीस झाल्यापासून जरा छाती काढून चालायचा, एवढंच. लग्नानंतरची कितीतरी वर्षं त्या दोघांनी एका भाड्याच्या खोलीत काढली होती, जिथे मोरी आणि चूल यांच्यामध्ये एक पडदा होता. हे घर मिळालं तेव्हा लेक भिंतींवरून हात फिरवत रडली होती. त्यामुळे दार अडतं म्हणून कुरकुर करणं दोघांनाही कृतघ्नपणाचं वाटे.

समोरच्या घराचा दरवाजा उतरवून सुतार त्यावर रंधा मारत बसला होता. भुशाचा आणि उन्हाचा वास येत होता. बाईंना बघून त्याने हात कपाळाला लावला.

"या वसाहतीनं माझं भाग्य उजळलं बघा, बाई. गल्लीतलं एक दार रंधलं की पुढचं हाक मारतं. शेवटच्या घरापर्यंत जावं, तर पहिलं पुन्हा अडून बसलेलं."

"का अडतात?"

"लाकूड फुगतं की. नवी घरं, कोवळं लाकूड."

"ह्या उन्हात?"

"ते मला नका विचारू. लोक म्हणतात उघडून दे, मी उघडून देतो. का अडलं हे विचारत बसलो तर पोरं उपाशी मरतील माझी."

बाईंनी खाली वाकून एक ढलपी उचलली आणि चिमटीत दाबली. पापडासारखी कुरकुरून तिचा चुरा झाला. ओलावा नावालाही नव्हता.

"कुठे अडतात? खाली की वर?"

"वर. वरचा कोपरा."

"कोणता?"

सुताराने रंधा थांबवला आणि गल्लीतल्या दारांवरून नजर फिरवली. "डोंगराकडचा," तो म्हणाला. मग आणखी जरा विचार करून, "सगळ्यांचाच की. तुम्ही विचारलंत म्हणून ध्यानात आलं." आणि स्वतःच हसला. "घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथं वाशांचं ठाऊक नाही, दारं मात्र फिरली."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी वर पाहिलं. गल्ली चढत चढत डोंगराच्या पायथ्याशी संपत होती. डोंगर तसा फार उंच नव्हता. पाठ करून झोपलेल्या जनावरासारखा गोलसर, ओबडधोबड. मधल्या टप्प्यावरची झाडं बुंध्याशी वाकलेली आणि मग सरळ वर गेलेली होती. बाईंनी ती झाडं आयुष्यभर पाहिली होती. पायाखालची जमीन सरकत असली की झाड असंच करतं. सरकतं, वाकतं आणि पुन्हा आकाशाकडे तोंड करून उभं राहतं. घराला तसं करता येत नाही.

*

सरकारी भूशास्त्र संस्थेत उतार-निरीक्षण नावाचा एक छोटा विभाग होता आणि बाई त्याच्या प्रमुख होत्या. काम साधं. डोंगरावर जागोजागी लोखंडी खुंट्या रोवलेल्या, एकीपासून दुसरीचं अंतर मोजत राहायचं. अंतर बदललं की डोंगर हलला. या डोंगराखाली घरं बांधू नयेत, असं त्यांच्या आधीच्या प्रमुखांनी लिहून ठेवलं होतं आणि बाईंनीही तेच म्हटलं होतं.

मग भाऊ आले. त्यांना नावानं कोणी म्हणत नसे, घरातल्या थोरल्यासारखं नुसतं भाऊ. मैदानावरच्या सभेत त्यांनी विचारलं, "तुम्ही एकेका खोलीत आठ-आठ जण कोंबून राहता आणि हे उंटावरचे शहाणे म्हणतात, डोंगराखालची जागा मोकळी ठेवा. कोणासाठी? दगडांसाठी?" लोक हसले. मग भाऊंनी आवाज खाली आणला. "डोंगर आपला आहे. आपला डोंगर आपल्याच लेकरांच्या अंगावर येईल?"

बाई त्या सभेला गेल्या होत्या. एका खोलीतल्या आठ जणांचं ऐकून त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण ते खोटं नव्हतं. खोटं पुढे होतं. भाऊ म्हणाले, डोंगराला धोका असलाच तर तो या लोकांनी त्याच्या छातीत ठोकलेल्या खुंट्यांमुळे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या पायऱ्यांवर खुंट्यांचा ढीग होता. लोकांनी रात्रीतून एकूण एक उपटून आणल्या होत्या. काहींना अजून माती चिकटलेली होती. बाईंनी एक उचलली, रुमालाने पुसली आणि पुन्हा ठेवली. ती कुठली होती हे आता कोणीच सांगू शकत नव्हतं. जागेवर असते तोवर खुंटी साक्षीदार असते, ढिगात पडली की नुसतं लोखंड.

त्यानंतर विभागाला कुलूप लागलं आणि त्या दारावर लोकनिरीक्षण समितीची पाटी आली. डोंगर हलतो की नाही ते आता हात वर करून ठरायचं. विभागातल्या बाईंच्या एका सहकाऱ्याने वर्तमानपत्रात चार ओळी लिहिल्या, तर एका दुपारी एक गाडी येऊन त्याला घेऊन गेली. तो परत आला. आता तो बाजारात चष्मे विकतो. बाई एकदा काडी बदलायला त्याच्याकडे गेल्या, तर त्याने काडी बदलून दिली आणि डोंगराचा विषय निघताच दुकानाचं अर्धं शटर ओढलं.

बाईंना संस्थेच्याच तळमजल्यावर, शाळेच्या सहलींसाठी असलेल्या दगडांच्या दालनात बसवण्यात आलं. त्या दगड पुसत, पाट्या नीट करत. मन शांत ठेवायचं तर हाताला काम हवं.

त्या रविवारनंतर काही दिवसांनी तिथेच संस्थेचा संचालक आला. त्यांचाच विद्यार्थी. पोरगा असताना त्यांचा हातोडा नि नमुन्यांची पिशवी वाहून डोंगर चढलेला.

"बाई, एक सही हवी होती."

"कशावर?"

"वसाहतीचा दुसरा टप्पा तयार आहे. उतार सुरक्षित असल्याचा दाखला."

"समितीने हात वर केले ना? मग माझी सही कशाला?"

"लोक यायला कचरतायत. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्या अजून म्हणतात, बाईंना विचारा." तो कसनुसा हसला. "भाऊंच्या माणसांनीच तुमचं नाव काढलं."

"आणि नाही दिली तर?"

त्याने समोरच्या दगडाची पाटी सरळ केली, जी आधीपासून सरळच होती. "ते मला विचारू नका. मला दोन मुलं आहेत."

"मलाही एक आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "त्याच वसाहतीत राहते. म्हणून असं करू. मी काचा लावते. महिनाभर शाबूत राहिल्या तर सही देईन."

"शब्द?"

"शब्द."

त्याने आजूबाजूला पाहिलं. "लेकीच्या घरातच लावा मग. बाहेर नको, उगाच चर्चा होते."

काचा म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात त्या पातळ पट्ट्या. भिंतीच्या भेगेवर आडवी पट्टी धरायची आणि दोन्ही टोकं प्लास्टरच्या गोळ्यांनी बसवायची. भेग वाढली तर काच तडकते. काच खोटं बोलत नाही, ताणलीही जात नाही. प्लास्टर ओलं असताना दोन्ही गोळ्यांवर अंगठा दाबायचा. ही बाईंच्या गुरूंची पद्धत. ज्यानं लावली त्याची साक्ष.

लेकीच्या स्वयंपाकघरात, मांडणीमागे, एक भेग होती. आतल्या खोलीत खिडकीखाली दुसरी. जावयाने प्लास्टरचं भांडं धरलं.

"अंगठा कशाला, आई? काय खरेदीखत आहे का?" त्याने विचारलं.

"त्याच्याहून मोठं," बाई म्हणाल्या आणि दाबला.

त्याने फोन काढून त्यांचा फोटो घेतला. "आठवण," म्हणाला.

बाई रोज सकाळी दिवा लावून हात जोडत, पण देवाकडे काही मागायचं नाही हा त्यांचा नेम होता. त्या महिन्यात तो मोडला. रोज त्या म्हणत, काच राहू दे. आणि डोळे उघडले की मनाला चुटपुट लागे. जिला एकच उत्तर इतकं हवंय, तिने काच बघायला जाऊच नये.

*

ठरल्या दिवशी त्या गेल्या तेव्हा अख्ख्या वसाहतीला बाहेरून नवा रंग लागला होता. दुसऱ्या दिवशी भाऊ येणार होते. कमानीवर काहीतरी मोठं गुंडाळून ठेवलेलं होतं आणि शिडीवरची माणसं दोऱ्या सोडवत होती.

लेकीचं दार या वेळी सहज उघडलं. सुतार सकाळीच येऊन गेला होता.

बाईंनी चपला काढल्या आणि पाणीही न पिता त्या मांडणीकडे गेल्या. लेकीने डबे बाजूला केले. काच शाबूत होती. आतल्या खोलीत गेल्या. तीही शाबूत. एका रेषेचाही तडा नाही.

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. महिनाभर छातीवर ठेवलेला दगड कोणी उचलावा तसं झालं. नात मांडीत येऊन बसली. तिच्या केसांना वाळलेल्या रंगाचा वास येत होता.

"झालं ना समाधान?" जावई दारातून म्हणाला. त्याच्या हातात दाखला तयारच होता. "साहेबांनी पाठवलाय. म्हणाले, बाईंना संस्थेपर्यंत हेलपाटा नको."

"बस की जरा, चहा तरी पिऊ दे तिला," लेक म्हणाली.

"चहा काय, आज जेवूनच जाणार," बाई म्हणाल्या आणि पेन घेतलं. सही करण्याआधी एकदा काचेचा निरोप घ्यावा म्हणून, नुसत्या सवयीने, त्यांनी खिडकीखाली वाकून आपला अंगठा प्लास्टरवरच्या खुणेत ठेवला.

अंगठा आत हरवला.

खूण मोठी होती. रुंद, खोल आणि गुळगुळीत. बाईंच्या अंगठ्यावर तरुणपणी हातोड्याने झालेला आडवा व्रण होता, तो त्या खुणेत नव्हता. त्यांनी दुसऱ्या टोकाला ठेवून पाहिला. मग उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि मांडणीमागे हात घातला. तिथेही तेच. लहान पोराने बापाची चप्पल घालावी तसा त्यांचा अंगठा त्या खड्ड्यात डुलत होता.

त्या परत आल्या. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती.

"हात दाखवा," त्या जावयाला म्हणाल्या.

"काय झालं?"

"अंगठा दाखवा तुमचा."

त्याने दाखवला नाही. हात पाठीमागे गेला, शाळेतल्या पोरासारखा. लेक एकदा आईकडे, एकदा नवऱ्याकडे बघत होती.

"तुम्ही दाबला होता म्हणून मीही दाबला," तो शेवटी म्हणाला. "मला वाटलं, तसंच करायचं असतं. नाहीतर धरत नसेल."

"कधी तडकल्या?"



"कधी, अरे?" लेकीने विचारलं.

"पहिल्याच आठवड्यात. मग बदलल्या. मग त्याही." तो घाईघाईने बोलू लागला. "घरात लहान पोर खेळते, फुटकी काच ठेवायची का भिंतीला? आणि काच फुटली म्हणून काय झालं, आई? काच ती. भिंत तर उभी आहे ना? बघा की, उभी आहे." त्याने भिंतीवर थाप मारली. भिंत उभी होती. वरून चिमूटभर रंगाची पूड पडली.

"काचा कुठून आणल्या? या बाजारात मिळत नाहीत."

"तुमच्या साहेबांनी दिल्या. डबा भरून. म्हणाले, बाई हळव्या आहेत, फुटलेलं बघून उगाच मनाला लावून घेतील."

बाईंच्या डोळ्यांपुढे पिशवी वाहून डोंगर चढणारा तो पोरगा आला. प्रत्येक टप्प्यावर विचारायचा, बाई, दमलात का.

पेन तसंच पलंगावर ठेवून त्यांनी लेकीकडे पाहिलं. "चार कपडे भर. पोरीचे आणि तुझे. माझ्याकडे चला."

"आई, अगं, असं एकदम? उद्या भाऊ येणार, हा चिटणीस—"

"उद्याच्या आत."

"लोक काय म्हणतील, आई?" जावई म्हणाला. "चिटणिसाचीच बायको घर सोडून गेली? तुम्ही आम्हाला या घरातून काढताय. आधीच्या खोलीत तुम्ही एक रात्र तरी राहिला होतात का?"

ते खरं होतं आणि बाईंना लागलं. लेकीची मान खाली गेली. ती जाणार नाही, हे बाईंना दिसलं. त्यांनी नातीचा हात धरला. "हिला तरी नेते. सुट्टीच आहे."

"जाऊ दे तिला," लेक पुटपुटली आणि पोरीच्या चपला घ्यायला उठली.

मग तिने दार ओढलं. दार हललं नाही.

तिने पुन्हा ओढलं. "सकाळीच तर रंधून गेला," ती म्हणाली. जावई पुढे झाला. दोन्ही हातांनी कडी धरून त्याने हिसका दिला. कडी हातात आली. आत ढकलायला बुक्की मारता येते, आतून ओढायला काही नसतं. त्याने फटीत बोटं घातली, ती नुसती सोलली गेली. नातीला ही गंमत वाटून ती टाळ्या वाजवू लागली.

लेक दारापासून दोन पावलं मागे सरली आणि तिने वर पाहिलं. डोंगराकडच्या कोपऱ्यात रंध्याने खाऊन खाऊन लाकूड पांढरं पडलं होतं आणि तरी ते चौकटीत रुतलं होतं. दुसऱ्या कोपऱ्यात मात्र बोट जाईल एवढी फट होती. तिच्यातून आभाळ दिसत होतं. या दाराला ती महिनोन् महिने बुक्क्या मारत, हसत आली होती. तिने ती फट आज पाहिली.

"सुतारदादा," तिने खिडकीतून हाक मारली. आवाज नेहमीचा नव्हता. "सुतारदादा, लवकर या."

"आलो, आलो," कोपऱ्यावरून आनंदी उत्तर आलं. "एक हात मारला की मोकळं."

सुतार पटाशी लावून दार मोकळं करेपर्यंत जावई पलंगावर बसून सोललेल्या बोटांकडे बघत राहिला. लेकीने तेवढ्या वेळात कपाटातून कपडे काढून पिशवीत कोंबले, पोरीचे, आपले आणि न विचारता नवऱ्याचेही दोन शर्ट. दार उघडलं तेव्हा ती त्याच्यासमोर थांबली.

"चल."

"उद्या कार्यक्रम झाला की येतो."

"आत्ता चल."

"चिटणीस आहे मी," तो म्हणाला. मग हळूच, "तुम्ही व्हा पुढे. दार मी लावून घेतो."

दार लागणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

*

कमानीपाशी पोचेपर्यंत शिडीवरच्या माणसांनी दोऱ्या सोडवल्या होत्या. नात आधी ओरडली, "आजी, तू."

कमानीभर बाईंचा फोटो होता. भिंतीशी वाकून काच बसवताना, जावयाकडे बघून जराशा हसणाऱ्या. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, बाईंनी स्वतः तपासलं, आता निश्चिंत राहा. सही कुठेच नव्हती. सहीची गरजच नव्हती.

कमानीबाहेर सामानाने भरलेला टेम्पो उभा होता. गाद्या, भांडी, उलटी बांधलेली खुर्ची. चालकाशेजारून एक बाई उतरली, कडेवर तान्हं मूल. तिने फोटोकडे पाहिलं, मग बाईंकडे आणि तिचा चेहरा उजळला.

"तुम्हीच ना त्या? आमच्या सासूबाई तयारच होईनात यायला. फोनवर आलेला तुमचा फोटो दाखवला तेव्हा कुठे हो म्हणाल्या. तुमच्या भरवशावर आलो बघा."

"आत जाऊ नका," बाई म्हणाल्या.

त्या बाईला ऐकू आलं नसावं, किंवा थट्टा वाटली असावी. "तुमची लेकच राहते ना इथे? मग आम्हाला कसली भीती?" ती हसून म्हणाली आणि चालकाला हात केला. "घ्या हो आत."

बाईंनी नातीचा हात लेकीच्या हातात दिला. "तुम्ही दोघी चालत राहा. बसथांब्यापर्यंत मागे बघू नका."

"आणि तू?"

बाई कमानीच्या बरोबर मधोमध गेल्या, पिशवी खाली ठेवली आणि तिच्यावर बसल्या. दालनात दगडांपाशी बसत तशाच, पाठ ताठ, हात मांडीवर. टेम्पोने भोंगा वाजवला. त्या उठल्या नाहीत. टेम्पोमागे दुसरा येऊन थांबला आणि त्याच्यामागे तिसरा. शिडीवरच्या एका माणसाने कानाला फोन लावला आणि बाईंकडे बघत बघत तो हळू आवाजात काहीतरी सांगू लागला.

मोठ्या फोटोतली बाई हसत होती. तिच्याखाली बसलेली बाई मान वळवून डोंगराकडे बघत होती.

मागे गल्लीत, कुणाच्या तरी दारावर, पुन्हा रंधा चालू झाला.